कमीत कमी आवाजात

चिंचवडमधल्या त्या दुकानात आवाज ऐकवायची एक वेगळी खोली होती. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना काळं कापड, मध्ये लांबलचक सोफा आणि समोर आमच्या हॉलची भिंत व्यापेल एवढा टीव्ही. सेल्समनने पप्पांना, आईला आणि मला ओळीने बसवलं, दार ओढून घेतलं आणि आमच्या डोक्यावरून एक हेलिकॉप्टर उडवलं. सोफा थरथरला. आईने पदर कानावर घेतला. सेल्समन आमच्या तोंडाकडे बघत उभा होता. या क्षणाला गिऱ्हाईक खूश होतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक असणार. पप्पांनी हात वर केला आणि पंजा पालथा करून सावकाश खाली आणला.

"जरा हळू करा."

त्याने आवाज कमी केला. पप्पांचा पंजा खालीच येत राहिला.

"अजून."

"काका, याच्या खाली गेलं तर मजाच नाही ना. लोकं इथं काच हलते का ते बघतात."

"लोकांचं लोकांपाशी. तुमी हळू करा. एकदम हळू. शेजारच्या खोलीत माणूस झोपलाय असं समजा."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. ताई, तुम्ही तरी सांगा यांना, असं ते पाहणं होतं. मी काय सांगणार कपाळ? आवाज कमी होण्याची मीही वाटच बघत होते. आमच्या घरात कुठलाही आवाज आधी कमी करून बघतात. हे विचित्र आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर सगळ्यांच्या घरी असंच असतं अशी माझी समजूत होती.

पप्पा लातूरकडून इकडे आले आणि एका कंपनीत भट्टीवर लागले. गाड्यांचे गिअर तापवून कडक करायची भट्टी. ती कधी थंड होऊ देत नाहीत, त्यामुळे रात्रीही तिच्यापाशी माणूस लागतोच. तिसऱ्या पाळीला वेगळा भत्ता मिळायचा, म्हणून पप्पा स्वतःच्या रात्री तर करायचेच, दुसऱ्यांच्याही मागून घ्यायचे. माझं अख्खं बालपण त्यांनी रात्री काम केलं आणि दिवसा झोप काढली. झोपायचे ते आमच्या एकुलत्या एका खोलीत, साडीच्या पडद्याआड. पडद्याच्या अलीकडे आई, मी, माझा धाकटा भाऊ, स्वयंपाक, अभ्यास आणि टीव्ही.

ती खोली जुन्या गावठाणातली होती. मूळच्या एका शेतकरी कुटुंबाने भाड्यासाठी एका ओळीत खोल्या बांधल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी पाळीवर जाणारं होतं. त्यातून एक रीत पडून गेली होती. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायला गेला, की त्याचे कंपनीचे सेफ्टी शूज घरच्यांनी दाराबाहेर काढून ठेवायचे. एरवी असले महागाचे बूट कोणी बाहेर ठेवत नाही. ते बाहेर दिसले म्हणजे आत माणूस झोपलाय. मग भाजीवाली त्या दारापुढून ओरडत जायची नाही, गॅसवाला सिलिंडर घरंगळवत न नेता उचलून न्यायचा, पोरं चेंडू घेऊन दुसरीकडे जायची. कोणी विसरलंच, तर घरमालकीणबाई ओट्यावरून दबक्या आवाजात हाणायच्या, "बूट भायेर हायेत, दिसत न्हाई व्हय?" दबक्या आवाजात इतकं झोंबणारं बोलणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

टीव्ही आमच्याकडे होता, पण मुका. भाऊ आणि मी आवाज बंद करून मालिका बघायचो आणि त्यातल्या बायकांची भांडणं आपल्या मनाने कुजबुजत पुरी करायचो. भाऊ नेहमी खलनायिका घ्यायचा. आई तर ओठांवरून बोलणं ओळखण्यात तरबेज झाली होती. बातम्या वाचणारी बाई काय म्हणते हे ती पोळ्या लाटता लाटता सांगायची, आणि पुष्कळदा बरोबर सांगायची. कुकरची शिट्टी ही मात्र खरी पंचाईत होती. आई कुकरपाशी उभी राहायची आणि शिट्टी फुसफुसायला लागली रे लागली, की गॅस बंद करायची. त्यामुळे आमच्या घरातली डाळ कायम दाताखाली यायची. भात निभावून जायचा. डाळीला मात्र शिट्ट्याच लागतात, तिथे माया-ममता चालत नाही.

असं सगळं असताना, निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत पप्पांनी जेवताना जाहीर केलं, "मला ते चारी बाजूनं आवाज येणारं घ्यायचंय."

तोवर आम्ही रावेतला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला होता. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जात होता आणि मी वाकडच्या एका आयटी कंपनीत सकाळी जाऊन संध्याकाळी येत होते. मला वाटलं, पप्पा गंमत करताहेत. निवृत्त माणसं गुडघ्यांसाठी तेल घेतात, फार तर गावाकडे पत्रे बदलतात. सराउंड साउंड कोण घेतं?

"कशाला पण?" मी म्हणाले. "टीव्हीला आवाज आहे की."

पप्पांनी भाकरी मोडली. मग ताटाकडेच बघत म्हणाले, "तुमी दोघं ल्हान होतात तवा रोज संध्याकाळी आईला विचारायचात, पप्पा कधी जाणार? मी पडद्याआड जागाच असायचो. मी गेलो की तुमाला टीव्हीचा आवाज मोठा करायला मिळायचा. तुमचं काय चुकलं न्हाई त्यात. पण मी घरात असलो की घर मुकं आणि भायेर गेलो की घर बोलायला लागायचं, हे काय बरं न्हाई वाटायचं माय. आता मी घरात हाय. आता आवाज पायजे."

आई उठून आत गेली. आम्ही विचारायचो हे मला आठवत होतं, पण त्यांना ऐकू जात असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. पडद्याआडचा माणूस झोपलेलाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग शोध सुरू झाला. कंपनीच्या पतपेढीतून पप्पांना शेअर्सचे पैसे परत मिळाले होते. त्यातच बसलं पाहिजे आणि माझ्या हप्त्याला हात लागता कामा नये, अशी त्यांची अट. तेवढ्या पैशांत टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी येते, तिला साउंडबार म्हणतात, आणि बहुतेक लोक तेवढ्यावर समाधान मानतात. पप्पा मानेनात. पट्टीचा आवाज समोरूनच येतो. त्यांना मागून यायला हवा होता. "जन्मभर चारी बाजूंनी आवाजच ऐकला मी," ते म्हणाले, "भट्टीचा, पंख्याचा, ट्रॉलीचा. फक्त ऐकण्यासारखा काय न्हवता." भट्टीने त्यांच्या कानांना फारसा धक्का लावला नव्हता, हे आमचं नशीब.

म्हणजे पाच लहान स्पीकर आणि सहावा तो धमधम करणारा डबा, असा पुरा संच हवा. मी इंटरनेटवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला बसले आणि डोक्याला हात लावला. जो तो लिहितो, भिंती हादरल्या, शेजारी तक्रार घेऊन आला, छातीत दणका बसला. अरे, पण कमी आवाजात कसा लागतो ते सांगा ना कोणी. अख्ख्या जगात घरात कोणी झोपतच नाही की काय? मला त्या अनोळखी माणसांचा रागच आला. आणि राग आला तेव्हाच लक्षात आलं, की पप्पांना मोठा आवाज हवा असला तरी मी शोधत होते ते हळू आवाजाचं यंत्र. त्यांना हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "तसंच बघायचं. मोठ्या आवाजात काय, पत्र्याचा डबा बी वाजतो."

पिंपरीच्या बाजारात दोन-तीन दुकानं झाली. सगळीकडे तीच गत. आवाज मोठा असेतोवर सगळं झकास. पप्पांचा पंजा खाली आला की मागचे दोन स्पीकर आधी दम सोडायचे, मग माणसांचं बोलणं विरून जायचं आणि शेवटी नुसता तो सहावा डबा घुमत राहायचा, पोट बिघडल्यासारखा. पप्पा मान हलवून उठायचे. दुकानदार आम्हाला टाइमपास करायला आलेले समजायचे. त्यांचंही बरोबर होतं म्हणा.

आणि मग चिंचवडचं हे काळ्या खोलीचं दुकान. इथल्या सेल्समनने निदान हाकललं नाही. त्याने एकामागून एक तीन संच लावले आणि आमच्या सांगण्यावरून कमीत कमी आवाजात ऐकवले. हेलिकॉप्टर काढून टाकायला लावून पप्पांनी त्याला साध्या बातम्या लावायला सांगितल्या. तिन्ही नापास झाले. तेव्हा तो वैतागून म्हणाला, "काका, तुम्हाला नक्की काय ऐकायचंय?"

"माणसं बोलताना."

सेल्समन कोपऱ्यातला एक खोका पुढे ओढून म्हणाला, "हा मागच्या वर्षीचा मॉडेल आहे. डिस्प्लेचा पीस, म्हणून तुमच्या बजेटमध्ये बसेल. दिसायला काही नाही. पण याच्यात एक नाइट मोड आहे. ते बटण दाबलं की धडाधड आवाज खाली दाबले जातात आणि बारीक आवाज वर येतात. रात्री घरातले झोपल्यावर पिक्चर बघायला."

त्याने संच जोडला, आवाज अगदी तळाशी नेला आणि बटण दाबलं. बातम्या देणारी बाई आमच्याशी बोलल्यासारखी बोलू लागली. तिच्या मागे रस्त्यावरची कुठलीशी गर्दी होती, तीही ऐकू येत होती, आणि ती आमच्या पाठीमागून येत होती. आईने मान वळवून मागे पाहिलं. पप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे आपल्या लोकांसाठी बी बटण केलंय," ते म्हणाले.

सेल्समनला त्यातलं काही कळलं नाही. आम्ही तो घेतला.

घरी आणल्यावर दुसरंच रामायण. मागचे स्पीकर माणसाच्या मागे हवेत आणि आमचा सोफा तर भिंतीला टेकलेला. सोफा पुढे ओढला. आता बाल्कनीत जायला आडवं होऊन जावं लागतं, यावर आई आठवडाभर बोलली. पप्पांनी वायरी पांढऱ्या पट्टीतून भिंतीच्या कडेकडेने अशा नेल्या, की शोधायला गेलं तरच दिसतील. आणि मग संच सुरू झाला. सुरुवातीला हळू. कोणी झोपलेलं नव्हतं तरी हळू, जसा आईचा हात अजूनही शिट्टीच्या आधीच गॅसकडे जायचा. मग पप्पा रोज एक आकडा वाढवू लागले. वाढवल्यावर आमच्याकडे बघायचे. आम्ही काही म्हणत नाही असं पाहून सोफ्यावर मागे टेकायचे. पडलेली सवय ते अशी एकेक आकड्याने काढत होते. मला ते पाहायला फार आवडायचं, आणि मी तसं दाखवायची नाही.

ते पंधरापर्यंत आले असतील, तेवढ्यात ऑफिसात माझं प्रोजेक्ट बदललं. नवं काम अमेरिकेतल्या लोकांचं होतं. ते जागे असतील तेव्हा आम्ही जागं राहायचं. संध्याकाळी कॅब न्यायला येणार, उजाडल्यावर आणून सोडणार. नाही म्हणायची सोय नव्हती, घराचा हप्ता होता. मी घरी सांगितलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "म्हणजे तिसरी पाळी." त्यांचा चेहरा मात्र मला आजही दिसतो. मुलीच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून तर त्यांनी दुसऱ्यांच्या रात्री मागून घेतल्या होत्या.

पहिल्या दिवशी सकाळी घरी आले, सँडल रॅकमध्ये ठेवले, चहा घेतला आणि झोपले. दुपारी पाणी प्यायला उठले, तर घरात चिडीचूप. हॉलमध्ये टीव्ही चालू होता. पप्पा आणि आई शेजारी शेजारी बसून बघत होते. पाचही स्पीकर जागच्या जागी होते आणि टीव्ही मुका. आई ओठ वाचून पप्पांना कुजबुजत काहीतरी सांगत होती. माझी चाहूल लागताच दोघंही अशी दचकली, जशी काही मी त्यांची चोरीच पकडली.

पाणी पिताना सेफ्टी डोअरच्या जाळीतून बाहेर लक्ष गेलं. माझे सँडल दाराबाहेर ठेवलेले होते. नीट जोडून, टाचा भिंतीला लावून. आमच्या मजल्यावर त्याचा अर्थ कोणाला कळणार होता? पार्सलवाला येऊन बेल वाजवतो, समोरचं पोरगं जिन्यात सायकल आपटतं. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की इथे बूट बाहेर आहेत. पप्पांनी तरीही ते ठेवले होते. पुढे रोज ठेवत राहिले. मी रॅकमध्ये ठेवायची, ते बाहेर काढायचे.

असे बरेच आठवडे गेले. मला झोप लागायची नाही. आवाजाने जाग येणं वेगळं. मी शांततेने जागी राहत होते. आपल्यामुळे दोन माणसं बाहेर तोंड मिटून बसली आहेत, कुकर फुसफुसायच्या आत बंद होतो आहे, हे उशीवर डोकं ठेवलं की डोक्यात फिरायला लागायचं. पप्पांनी इतकी वर्षं पडद्याआड काय ऐकलं असेल, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी आमची शांतता ऐकली होती.

एका दुपारी मला राग अनावर झाला. मी उठून हॉलमध्ये गेले. टीव्हीवर गाण्याची कसली तरी स्पर्धा चालू होती आणि एक मुलगी तोंड उघडून बिनआवाजाची गात होती.

"पप्पा, आवाज लावा."

"तू झोप. मला सवय हाय."

"मला नाहीये. रात्रभर ऑफिसात कलकल असते. इथे एकदम शांत झालं की मला झोपच येत नाही. आवाज असला की छान लागते."

हे धादांत खोटं होतं. पप्पांच्या चेहऱ्यावर हसू आलं, हळूहळू, मिशीपासून सुरू होऊन.

"हे मी बी म्हणायचो," ते म्हणाले. "तुझ्या आईला. लावू दे लेकरांना टीव्ही, भट्टीच्या आवाजात राहून मला आवाजातच झोप यायलीय. तिनं एक दिवस ऐकलं न्हाई."

आई टीव्हीकडेच बघत होती. "खोटं बोलता येत नाही तुमाला," ती म्हणाली. "दोघांना बी."

"मग तिने नाही ऐकलं ते तुम्ही ऐका," मी म्हणाले.

मी दार उघडून सँडल आत आणले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रॅकमध्ये ठेवले. पप्पांनी रिमोट उचलला. मग त्यांनी आवाज सुरू केला, एकेक आकडा वर नेला, आणि पंधरा मागे टाकून पुढे गेले. ती मुलगी गाऊ लागली. लोकांच्या टाळ्या मागच्या भिंतीकडून आल्या. मी खोलीत जाऊन आडवी झाले आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं.

झोप कसली लागते. गाणी चालू होती, परीक्षक एकमेकांचं कौतुक करत होते, पप्पा मध्येच मोठ्याने "वा" म्हणत होते. घरात पप्पांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या आनंदात मी टक्क जागी पडून राहिले. मग स्वयंपाकघरातून कुकर फुसफुसायला लागला. मी नेहमीप्रमाणे गॅसचं बटण बंद होण्याची वाट बघितली. बटण फिरलं नाही. कुकरने जी शिट्टी दिली, ती आमच्या घरात कधी कोणी ऐकली नसेल. आणि तिच्यामागून आणखी दोन.

संध्याकाळी कॅबच्या आधी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी रात्रपाळीत पेंगणार हे नक्की होतं. पप्पांनी वरण भातावर घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला आणि आईकडे बघितलं. मग वाटी पुन्हा पुढे केली. डाळ अगदी लोण्यासारखी शिजली होती.